बॉयलरकाकांची मुंबई

आमच्या घरात त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणायचे. नौदलात अभियंता अधिकारी, निवृत्त झाले तेव्हा कमांडर. पण मिरजेच्या वाड्यात सुटीला आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी बंबाखाली डोकं घालणार. बंब कुठे गळतोय, धूर का कोंडतोय हे बघून झालं की मग चहा. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर काकूचा फोन आला, "कपाटं आवरायचीत. ताईला कॅनडातून इतक्यात निघता येत नाही, तर तू ये. आणि चालायचे बूट आण, बरंच हिंडायचंय." ताई म्हणजे काका-काकूंची मुलगी. कपाटं आवरायला बूट कशाला, ते माहीमला पोचल्यावर कळलं.

गुरुवार : दादर, माहीम

महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला वेळेत लागली, प्रवासाचं एवढंच. स्टेशनाबाहेर मार्गशीर्षातल्या गुरुवारची झुंबड होती. फूलबाजारात शेवंतीचे ढीग, पाच डहाळ्यांच्या जुड्या, वेण्या, आणि प्रत्येक बाई दुसरीच्या पिशवीत डोकावून भाव विचारत होती. काकांच्या फोटोसाठी हार घेतला आणि टॅक्सी पकडली. डिसेंबरातली मुंबईची सकाळ बरी असते. हवेत गारवा होता, पण धुरकटही इतकं की माहीमच्या किनाऱ्यावरून वरळीचा पूल अर्धाच दिसत होता.

गुरुवार म्हणून घरात मासे नव्हते. वालाचं बिरडं, भात आणि काकूचं ठरलेलं वाक्य, "त्यांना आवडायचं नाही, म्हणून इतकी वर्षं करत नव्हते." दोन वाट्या बिरडं खाऊन आम्ही कपाट उघडलं.

वरच्या खणात मोज्यांच्या जोड्या, तारखेनुसार लावलेली विजेची बिलं आणि पितळ पुसायची फडकी. खालच्या दोन खणांत फक्त वह्या. लांबड्या, आडव्या, पुठ्ठ्याच्या. इंजिन रूममध्ये दर पहाऱ्याला जशी नोंद ठेवतात तशी काकांनी निवृत्तीनंतर घराची ठेवली होती. वेळ, वारा, भरती-ओहोटी, यंत्रं, शेरा असे रकाने. एक पान जसंच्या तसं उतरवते :

"०६१० पाणी आलं, दाब कमी. ०७३० सिलिंडर बदलला, मागचा ३४ दिवस चालला. ११०० मिक्सर आवाज करतो, बुश गेलं. १३१५ सौ. रागावली, कारण अज्ञात, निरीक्षण चालू. २२०० सर्व ठीक."

काकूला ही नोंद दाखवली. चष्मा लावून तिने तारीख बघितली आणि म्हणाली, "कारण अज्ञात! माझा भाऊ आला होता त्या दिवशी, आणि हे त्याच्यासमोर मिक्सर उघडून बसले."

शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर मात्र नोंद नव्हती, यादी होती. वर मथळा 'चार्ज हँडओव्हर'. अधिकारी बदलून गेला की पुढच्याला सगळं मोजून, सांगून ताब्यात देतो, त्या थाटात. बोरा बाजारचा घड्याळजी : भिंग परत, १४० रुपये देणं. गेज : चीफ, उरण, हातात देणे, पोस्टाने नको. गाठींचा बोर्ड : सोसायटीतली पोरं. पदकं आणि कागद : ताई. ट्रिंकोमाली : जो तोफा पुऱ्या करेल त्याला.

काकूने यादी दोनदा वाचली. "माझं नाव नाही यात. म्हणजे उरलेला पसारा माझा."

ट्रिंकोमाली म्हणजे दिवाणखान्यातलं शेवटचं जहाज. काका लाकडी प्रतिकृती करायचे आणि ही करायला त्यांना काही वर्षं लागली. मूळ जहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानातून बांधलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. काकांना या गोष्टीचा जबर अभिमान. गिरगावात ते वाढले ती चाळ पाडली तेव्हा तिथल्या एका दाराची फळी त्यांनी उचलून आणली होती, तिचंच हे जहाज. डोलकाठ्या, शिडं, दोरखंड सगळं जागच्या जागी. तोफा मात्र एकाच बाजूला.

शुक्रवार : बोरा बाजार ते गेटवे

लोकलने सीएसएमटीला आले. समोरच्या कोपऱ्यावर 'आराम'चा वडापाव खाल्ला आणि बोरा बाजाराच्या गल्लीत शिरले. घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक काचेची पेटी. मागे स्टुलावर ते, पुढे गिऱ्हाईक फुटपाथवर. भिंग बघून आधी हसले. "बारा साल हो गया इसको. कमांडरसाहब म्हणाले होते, उद्या देतो." १४० रुपये काही घेईनात. ड्रॉवर उघडून त्यांनी बोटभर लांबीचा पितळी शिकंजा दाखवला, घड्याळाची तबकडी पकडायचा. काकांनी घरी करून दिलेला. "याचे पैसे मी कुठे दिले? हिसाब बराबर." काका दर महिन्याला यायचे, बाजूच्या स्टुलावर तासभर बसायचे आणि क्वचितच बोलायचे, असं त्यांच्याकडून कळलं. घरी तर आम्हाला वाटायचं की ते पेन्शनच्या कामाला जातात.

तिथून चालत बॅलार्ड इस्टेट. आलेक्झांड्रा गोदी खणली तेव्हा निघालेल्या मातीच्या भरावावर १९१४ ते १९१८ दरम्यान हा भाग उभा राहिला. आखणी जॉर्ज विटेटची, ज्याने गेटवेही बांधलं. रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि दुपारी कचेऱ्यांतली माणसं जेवायला बाहेर पडेपर्यंत शांतता. ब्रिटानियात जायचं असेल तर बाराच्या ठोक्याला जाऊन बसावं. बेरी पुलाव आणि कॅरॅमल कस्टर्ड एवढंच मागवलं, आणि दोन्ही एकटीला जास्त झालं.

काका इथं मला लहानपणी आणायचे ते जेवायला नव्हे. पलीकडच्या धक्क्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इथं विक्रांत आजारी पडून होती." युद्धकथा म्हणून त्यांनी सांगितलेली ही एकच, आणि तिच्यात एकही गोळी सुटत नाही.

जून १९७०. आयएनएस विक्रांत मुंबईच्या गोदीत आली ती बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना आतून तडे गेले म्हणून. वेल्डिंगने भरण्यासारखे ते तडे नव्हते आणि तसे ड्रम आपल्याकडे मिळत नव्हते. नवे चार ब्रिटनकडे मागवले आणि पुढचा हुकूम येईपर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत असं ठरलं. देशाची एकमेव विमानवाहू नौका थंड पडून राहिली. फेब्रुवारी १९७१ मध्ये तिला बॅलार्ड पिअरवरून बाहेर नांगरावर नेलं आणि नव्या ड्रमांशिवायच १ मार्चला बॉयलर पुन्हा पेटवले. अट अशी की दाब ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही, जहाज ढकलणारे पाण्यातले पंखे पुढच्या दिशेला मिनिटाला १२० फेऱ्यांच्या वर फिरवायचे नाहीत. वेग उतरला १४ नॉटवर. त्या वर्षी काका तिच्यावर नवेकोरे लेफ्टनंट होते. "तड्याला रागवून उपयोग नसतो," ते म्हणायचे, "त्याच्यावर नजर ठेवायची."

पुढे १९९७ साली ती सेवेतून निघाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती, आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. तिच्या धातूतून अर्झान खंबाटा यांनी केलेलं शिल्प लायन गेटच्या समोर उभं आहे, जानेवारी २०१६ पासून. वाहनांच्या गर्दीत बरेच जण त्याकडे न बघताच जातात. मी रस्त्याच्या कडेला थांबून बघत होते तेवढ्यात एक पानवाला म्हणाला, "मॅडम, बाईक पण बनली हिची." खरं आहे, बजाजने हिचं पोलाद वापरून मोटरसायकल काढली होती. काकांनी ती घेतली नाही. "आमची बाई चौदा नॉटला थकायची, तिला आता ट्रॅफिकमध्ये कशाला?"

लायन गेटच्या आत आयएनएस आंग्रे हा नौदलाचा तळ आणि गोदी. आपल्याला प्रवेश नाही आणि गेटचे फोटो काढू नयेत. रखवालदार सौजन्याने सांगतात, पण सांगतात. नौदल सप्ताहात काही जहाजं बघायला खुली ठेवतात, तेव्हा वर्तमानपत्रावर लक्ष ठेवावं आणि ओळखपत्र जवळ बाळगावं.

संध्याकाळी गेटवेला गेले तर बीटिंग रिट्रीटची तालीम, त्यामुळे पुढचा भाग दोऱ्या बांधून बंद. या दिवसांत एलिफंटाच्या बोटीने जायचं असेल तर सकाळीच जाऊन यावं, संध्याकाळवर ठेवू नये. मी शिवरायांच्या पुतळ्याच्या बाजूने गर्दीत उभी राहिले. पांढऱ्या गणवेशातला बँड, मग सी कॅडेटच्या पोरांचा हॉर्नपाईप. एक पोरगं सारखं उलट्या पायावर सुरू करत होतं आणि शेजारची मुलगी न थांबता त्याला कोपराने ढोसत होती. सूर्य बुडताना निशाण उतरलं. वरच्या कोपऱ्यात तिरंगा आणि उजव्या बाजूला शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी मुद्रा असलेलं नौदलाचं हे निशाण २ सप्टेंबर २०२२ ला आलं, नवी विक्रांत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी, कोचीला. काकांनी तो कार्यक्रम टीव्हीसमोर उभं राहून बघितला होता. वहीत त्या दिवशीचा शेरा : "नवीला गॅस टर्बाईन. ड्रम नाहीत. छान."

काकांचं दुसरं वेड शिडाच्या होड्यांचं. इंजिनिअर माणसाला इंजिन नसलेल्या होडीचं प्रेम कसं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "गळती शोधावी लागत नाही." दिलीप दोंदे 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले, तसं करणारे पहिले भारतीय. ती होडी गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली, आणि मुळात ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींची, जे निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. काकांना या तिन्ही नावांचा विलक्षण आनंद. "बघ, सगळे आपल्याच पट्ट्यातले," म्हणायचे, जणू त्यांनीच जमवून आणलं होतं.

शनिवार : भाऊचा धक्का, मोरा, उरण

या दिवसाची धास्ती होती, कारण चीफना आधी फोन केला तर त्यांनी पत्ता न सांगता विचारलं, "भरती किती वाजता आहे बघितलं का?" मोरा बंदरात गाळ साचलाय आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, मधेच खोळंबा होतो. काकांच्या वहीचा रकाना आठवला. भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच घराबाहेर पडावं, हे मोऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणं.

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरले. भाऊच्या धक्क्याला इथून चालत किंवा शेअर टॅक्सीने जाता येतं. मी आधी रे रोडच्या बाजूला दारूखान्यात डोकावून आले. विक्रांत इथंच तोडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं : माणसाच्या मांडीएवढ्या कड्यांचे साखळदंड, गोल खिडक्या, बोटीवरचे कमोड, लाइफ जॅकेटांच्या थप्प्या. तिथे फोटो काढलेला आवडत नाही. काका तोडणीच्या दिवसांत इथं बरेचदा यायचे आणि त्यातल्याच एका खेपेला ते गेज, म्हणजे वाफेचा दाब दाखवणारी काट्याची तबकडी, घेऊन घरी आले. पितळी, बशीएवढं, काच शाबूत. तेच आता फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत होतं.

धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, बर्फाचे गोणपाटात गुंडाळलेले ठोकळे आणि ओरडा. लाँच भरली, सुटली. उजवीकडे दूरवर गोदीतल्या करड्या जहाजांची रांग, डावीकडे जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, त्यामागे घारापुरी. थंडीत इथं कुरव पक्षी येतात. बोटीबरोबर उडत असतात, कारण लोक शेव फेकतात. शेजारची कोळीण पोराला म्हणाली, "अरे, त्यांना देतोस ती माझ्या जेवणातली आहे." पाऊण तासाने मोरा. तिथून सहा आसनी रिक्षा गावात नेते.

चीफ म्हणजे नौदलातले चीफ, नाविकांमधले वरिष्ठ. त्यांचं नाव काकांच्या तोंडी कधी आलंच नाही, फक्त 'चीफ'. पंच्याहत्तरीच्या आसपासचे, बारीक, पाठ ताठ. अंगणात खुर्च्या, ओट्यावर वाळत घातलेला जवळा. सून आतून पाणी घेऊन आली. त्यांनी माझ्याकडे न बघता आधी पिशवीकडे बघितलं.

गेज हातात घेतलं. शर्टाच्या टोकाने काच पुसली, डोळ्यांजवळ नेली. मग हळूच मान हलवली. "हा विक्रांतचा नाही."

मला काय बोलावं सुचेना. काकांनी इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू.

"हे बघ. तबकडीवर किलोचं माप. आमची बाई ब्रिटिश. तिचं सगळं पौंडात." बोट त्या बारीक अक्षरांवर ठेवलेलं. मग नातवाला स्क्रू-ड्रायव्हर आणायला सांगितलं, मागचं झाकण काढलं. आत घडी केलेला कागद, काकांचं अक्षर : "चीफ, दुकानदार म्हणाला विक्रांतचा आहे. पैसे दिले. किती मिनिटांत ओळखलंस?"

चीफ इतके हसले की ठसका लागला. सून घाबरून बाहेर आली. नातवाने तोवर मोबाइलवर वेळ बघितली आणि जाहीर केलं, "आजोबा, दोन मिनिटं पण नाय झाली."

मग बोलायला लागले. १९७१ ला ते विशीचे, बॉयलर रूममध्ये. चार तासांचा पहारा, वर बंगालचा उपसागर, खाली अंगावरचा गंजीफ्रॉक पिळून काढावा असा उकाडा, लिंबू-मिठाचं पाणी बादलीने. वाफेची गळती डोळ्यांना दिसत नाही, हे मला तिथं प्रथमच कळलं. जास्त दाबाची कोरडी वाफ दिसतच नाही, फक्त शिट्टीसारखा आवाज येतो, आणि तिच्यात हात गेला तर हात गेला. म्हणून काठीला झाडू बांधून पाइपालगत फिरवायचा. झाडूचे केस जिथं उडाले तिथं गळती. "साहेब झाडू स्वतः धरायचे. बाकीचे अफसर वहीत सही करून जायचे, हे दर पहाऱ्याला ड्रमजवळ कान लावून उभे."

४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेली सी हॉक विमानं कॉक्स बझारवर गेली, मग चितगाव. विमान वाफेच्या झोताने फेकतात, म्हणजे वाफ याच बॉयलरांची. "वर विमान उडालं की खाली काटा पडायचा. वर येऊ दे, परत उडालं, परत पडला. वारा नसला की वरून फोन, स्पीड द्या. साहेब म्हणायचे, आहे तेवढी दिली. वरच्यांनी लढाई बघितली, आम्ही काटा बघितला." विक्रांतला बुडवायला निघालेली पाकिस्तानी गाझी पाणबुडी आदल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, हे खालच्यांना कळायला बराच वेळ गेला.

"साहेबांची दुसरी गोष्ट सांगतो. ड्युटीवर असले की आमच्या गॅलीतली, जहाजावरच्या स्वयंपाकघरातली, डाळ चाखायचे. नियम आहे तसा, पण लोक बोट लावून सोडतात. हे वाटीभर खायचे. म्हणायचे, छेचाळीसला डाळीवरूनच सुरू झालं होतं." १८ फेब्रुवारी १९४६ चा मुंबईतला नाविकांचा उठाव 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रात सुरू झाला तो निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीवरून. काकांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. घरी मात्र डाळीत खडा लागला की ते ताट बाजूला न सारता खडा काढून वाटीच्या कडेला ठेवायचे आणि काकूकडे बघायचे. काकूला त्याचा भारी राग यायचा.

जेवायला जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, जवळ्याची सुकट. जिताडा इकडचा राजा मासा, आणि पाहुणा आल्याशिवाय फारसा कुणी आणत नाही, असं सून म्हणाली. तिसरी भाकरी नको म्हटलं तर चीफ म्हणाले, "साहेबांनी पाच खाल्ल्या होत्या." मी तिसरी घेतली.

परतीला लाँच धरली नाही. जानेवारी २०२४ पासून उरणला लोकल आहे, नेरूळला उतरून हार्बर. गाड्या कमी आहेत तेव्हा वेळापत्रक बघून निघावं. डब्यात बसायला जागा मिळाली आणि खाडी, मिठागरं, कंटेनरांचे डोंगर बघत आले. गेज चीफनी ठेवून घेतलं. चिठ्ठी काकूला द्यायला सांगितली.

रविवार : कुलाबा, काकूबरोबर

काकूने चिठ्ठी वाचली. "किती पैसे दिले होते, ते नाही लिहिलं," एवढंच म्हणाली. मग, "आज मी येते तुझ्याबरोबर. कुलाबा दाखवते. त्यांचं बघून झालं, आता माझं बघ."

टॅक्सी अफगाण चर्चपाशी सोडली. १८५८ साली उघडलेलं उंच मनोऱ्याचं चर्च, पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ. दार उघडं होतं. काकू सरळ आत जाऊन मागच्या बाकावर बसली. "हा माझा एसी. क्वार्टरमध्ये पंखा होता, पण पंख्याखाली घाम. ताई लहान होती, दुपारी तिला घेऊन इथं यायचे. कुणी हटकलं नाही कधी."

ताई जन्मली १९७१ च्या दिवाळीच्या सुमाराला, अश्विनी रुग्णालयात. काका तेव्हा पूर्वेला. डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआऊट. खिडक्यांना काळा कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले. भोंगा वाजला की दुधाची बाटली अंधारात चाचपडत भरायची. "९ तारखेला खुकरी गेली. दीवच्या पुढे." आयएनएस खुकरीबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह. "बातमी लगेच नव्हती सांगितली. पण आमच्या जिन्यावर बायका दारं किलकिली करून बसल्या होत्या. खाली गाडी थांबली की सगळ्या मोजायच्या, पावलं कितव्या मजल्यावर थांबतात. पश्चिमेच्या जहाजांवरच्यांच्या घरी ते चाललं होतं आणि माझा नवरा तिकडे लांब, म्हणून मला सुटल्यासारखं वाटायचं. मग त्याचीच लाज वाटायची."

काही वेळ ती गप्प बसली, मग एकदम म्हणाली, "हे आले तेव्हा ताई पालथी पडायला लागली होती. मला म्हणाले, हिचा ताप किती असतो साधारण? जसं काही ती बॉयलर. त्यांना बॉयलरचा ताप पाठ होता, मुलीचा मला. दोघांचंही चुकलं नाही कधी."

नेव्ही नगरच्या फाटकापाशी गेलो. काकूकडे कार्ड आहे, तिला सोडत होते. मला पाहुणी म्हणून सोडायला आत कुणीतरी ओळखीचं राहणारं लागतं, आणि आता तिथं ओळखीचं कुणीच नाही. तिने आग्रह धरला नाही. जुन्या भागात शेवरीची झाडं आहेत का एवढं गार्डला विचारलं. तो म्हणाला, "बहुत पेड हैं, माताजी." तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मग कॉजवेवर कैलास पर्बतमध्ये छोले-भटुरे. रविवारी तिथं रांग असते, पण ज्येष्ठ बाई बरोबर असली की कोणी ना कोणी खुर्ची देतंच. काकूने पाणीपुरी वेगळी मागवली आणि तिखट कमी आहे म्हणून वेटरला ऐकवलं.

संध्याकाळी घरी सोसायटीतली पोरं आली. गाठींच्या बोर्डावर काकांनी लावलेल्या दोरीच्या गाठी, खाली नावं. नववीतली एक मुलगी बोलाईनची गाठ डोळे मिटून बांधून दाखवत होती, शिकवणी काकांचीच. बोर्ड तिने नेला, जिन्यात पताका लावायला वापरणार म्हणाली.

राहिली ट्रिंकोमाली. मी म्हटलं, एखाद्या शाळेला देऊ, एखाद्या मॉडेल करणाऱ्या माणसाला विचारू. काकू जहाजाजवळ उभी होती. चष्मा कपाळावर, नाक डोलकाठीला लागेल इतकी जवळ.

"हे दोर कुणी बांधलेत असं वाटतं तुला?"

"काकांनी."

"त्यांची बोटं बघितली होतीस? पाइपावरची बोटं ती. सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांना. फळ्या त्यांच्या, दोर माझे. पहिल्या जहाजापासून." एक दोर तिने नखाने हलकेच ताणून बघितला. "हा सैल झालाय. आणि ते 'जो तोफा पुऱ्या करेल' म्हणजे कोण, ते मला कळलं होतं गुरुवारीच. सरळ नाव लिहायला काय झालं होतं!"

तोफांचे पितळी तुकडे डब्यात होते, आठ-दहा कमी. तोफेच्या गाड्याला बांधायला बारीक तार हवी. माझी गाडी रात्रीची. निघताना तिने विचारलं, "मिरजेला सतारीच्या दुकानांत पितळी तार मिळते ना? दोन जाडीची आण पुढच्या वेळी."

दादरला गाडीत चढल्यावर मेसेज आला : बारीकच आण. जाड आहे घरात, त्यांच्या डब्यात सापडली.